द्राक्षपेटीवरच्या काळ्या रेघा



परदेशी जाणाऱ्या द्राक्षपेटीवर काळ्या-पांढऱ्या रेघांची एक चिठ्ठी असते. तिला बारकोड म्हणतात. "भाव द्राक्षाला मिळतो, चिठ्ठीला थोडाच?" असे काही बागायतदार म्हणतात. त्यांच्यासाठी हा खुलासा.

या रेघांत एक क्रमांक दडलेला असतो. यंत्राचा प्रकाश पडला की तो वाचला जातो आणि संगणकातली नोंद उघडते. माल कोणत्या बागेतला, कोठे आणि केव्हा भरला, हे क्षणात कळते. हाताने आकडे उतरवताना होणारी चूक टळते. अशा नोंदींसाठीच अपेडाने २००६ साली 'ग्रेपनेट' ही पद्धत सुरू केली.

तिची खरी किंमत अडचणीत कळते. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि माल अडकला. वेलीची वाढ रोखायला हे औषध वापरले जाई. पण निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हते. तेव्हा लक्षात घ्या, बारकोड दोष काढीत नाही. दोष कोणत्या बागेतून आला तेवढे सांगतो. ते कळले तर तेवढाच माल बाजूला काढता येतो. नाही तर सुक्याबरोबर ओलेही जळते.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास लांबला. अशा वेळी पेटी भरल्याची तारीख नेमकी ठाऊक असली, तर जुना माल आधी विकायला काढता येतो.

मग आपण काय करावे?

१. बागेची नोंदणी दरवर्षी मुदतीत करावी.

२. फवारणीची वही एप्रिल छाटणीपासून लिहावी. औषध, प्रमाण, तारीख, सगळे त्याच दिवशी.

३. काढणीत प्रत्येक प्लॉटचा माल वेगळा ठेवावा.

४. चिठ्ठी पेटीच्या सपाट, कोरड्या बाजूस लावावी. ओली किंवा चुरगळलेली चिठ्ठी यंत्र वाचत नाही.

५. शेजाऱ्याची द्राक्षे आपल्या क्रमांकावर कधीही घालू नयेत, मग तो सख्खा भाऊ का असेना. त्याने काय फवारले याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल.

यंत्र लिहिले तेच वाचते. खरे लिहिणे आपल्या हाती आहे.