चौकट : मढच्या संकेतस्थळाला टंक निवडताना

मढ कोळीवाड्यातलं घरगुती जेवण असो की वर्सोव्याच्या फेरीबोटीची वेळ, गिऱ्हाईक माहिती मोबाइलवरच वाचतं. म्हणून टंक आधी पारखून घ्या.

● दर्या की दऱ्या? पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दोन्ही टाइप करा. दुसऱ्या शब्दातला अर्धा ‘र’ नीट उमटला नाही, तर तो टंक बाजूला ठेवा.

● मराठी वळण : ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपं हिंदीहून वेगळी. टंकात सोय असेल, तर पानाची भाषा ‘मराठी’ नोंदवल्यावर ती आपोआप येतात.

● फुकट, पण अस्सल : मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे टंक मुक्त परवान्याचे, व्यवसायालाही चालतात. ठसठशीत ‘बलू’ शीर्षकाला, ‘मुक्ता’ मजकुराला.

● वजन कमी : ‘मुक्ता’च्या सात जाड्या आहेत; दोन पुरेत. फाइल ‘वॉफ-२’ स्वरूपात ठेवा. ‘स्वॅप’ सूचना दिली, की टंक उतरेपर्यंत मजकूर फोनमधल्या टंकात दिसतो.

● हे टाळा : अक्षरांमधलं अंतर वाढवलं, की शिरोरेषा तुटते. ओळींमधलं मात्र वाढवा, म्हणजे उकार आणि वेलांट्या एकमेकांना भिडत नाहीत.