चंद्र कोणाबरोबर जातो?

‘आई, चंद्र आपल्या मागोमाग येतोय. त्याची आई रागावणार नाही?’ कोलकात्यात बालीगंजहून गडियाहाटकडे चाललेल्या रिक्षात चार वर्षांची लेक असं विचारते, तेव्हा तिचं निरीक्षण अगदी पक्कं असतं. रस्त्यालगतचे दिवे झरझर मागे पडतात, कारण ते जवळ आहेत. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. आपण किलोमीटरभर सरकलो, तरी तेवढ्याने त्याची दिशा अंशाच्या हजाराव्या भागाइतकीही बदलत नाही. म्हणून तो सोबत येतोय असं वाटतं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात लहान मुलांकडून हेच ऐकलं होतं. ‘असं काही नसतं गं’ म्हणून हा सुंदर प्रश्न कृपया मिटवू नका. उलट पियाजेंसारखं तिलाच विचारा: आई इकडे गेली आणि बाबा तिकडे, तर चंद्र कोणाबरोबर जाईल?