आधी श्वास सोड, मग उचल

सकाळी ६.१५
वारणानगरच्या आसपास दिवस उजाडतो तो दुधाच्या किटल्यांच्या खडखडाटानं. मी फिजिओथेरपिस्ट. माझी पहिली पेशंट बहुधा दूध संस्थेच्या दारातच भेटते. आज भेटली तिला सातवा महिना लागलाय. म्हशीची धार काढून किटली घेऊन आलेली. उचलताना ती दम कोंडते. कोंडलेल्या दमाचा सगळा भार ओटीपोटाच्या तळाशी जातो आणि दोन थेंब गळतात. "आधी तोंडानं श्वास सोडायला लाग, खालून आवळ, मग उचल." फॅटचं मशीन चालू होतं, म्हणून हे मोठ्यानं सांगावं लागलं. मागचे काका तेवढ्यापुरते दुसरीकडं बघायला लागले.

९.३०
आज नऊ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन सगळं होतं. लघवी गळते हे मात्र आपणहून कुणी बोलत नाही. म्हणून मीच विचारते, "शिंक आली की ओलं होतं का?" एक हसली, एकीनं पदर सारखा केला. तिसरी म्हणाली, "व्हय मॅडम, खोकलं की होतंय. सगळ्यांस्नीच होत असंल न्हवं?" पुष्कळजणींना होतं, हे खरं. पण म्हणून गप्प सोसायचं आणि पाणी पिणं तोडायचं, हे मला पटत नाही. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशय आणखी चिडतं, वर बद्धकोष्ठ.

खुर्चीवर बसवते, पाय जमिनीला टेकलेले, एक हात बरगड्यांवर. नाकानं श्वास घेताना बरगड्या रुंद होतात, छातीखालचा पडदा खाली उतरतो, त्याच्याबरोबर ओटीपोटाचा तळही सैल पडतो. श्वास सोडताना दोन्ही वर सरकतात. आवळायचं ते याच वेळी: वारा आणि लघवी दोन्ही रोखल्यासारखं, आत आणि वर. पाचपर्यंत अंक मोठ्यानं मोजायचे. बोलताना दम कोंडता येत नाही. मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं बहुतेकजणी विसरतात. कुणी मांड्या-कुल्ले आवळले, तर खुर्चीत बोटभर उंच होते, लगेच कळतं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना धार मधेच रोखून सराव मात्र करायचा नाही.

एकीनं विचारलं, हा मूलबंधच ना? जवळचा आहे, पण त्यासोबतचा कुंभक नको आणि कपालभातीही नको. अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी हे व्यायाम १९४८ साली मांडले, ते बाळंतपणानंतरच्या त्रासासाठी. गळती नसतानाच गरोदरपणात लवकर सुरू केलं, तर शेवटच्या महिन्यांत त्रास होण्याची शक्यता कमी राहते, हे पुढच्या चाचण्यांत दिसलं.

एकीला सतत पातळ पाणी जात होतं. तिला व्यायाम नाही, थेट डॉक्टरांकडं. ती लघवी नसून गर्भजलही असू शकतं.

दुपारी २.००
पापड लाटणाऱ्या बायकांच्या घरी. उडदाचं पीठ, मिरी आणि पापडखार, शिंका ठरलेल्याच. इथं एकच युक्ती: शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. मिशिगनमधल्या संशोधकांनी १९९८ साली वयस्क बायकांना हेच शिकवलं, तर आठवड्याभरात खोकताना होणारी गळती घटली. पोळपाटाशी तासन्‌तास मांडी घालून वाकण्यापेक्षा तो उंचावर ठेवून खुर्चीत बसलेलं बरं, हेही सांगितलं. जावेनं लगेच टेबल ओढलं.

५.००
अंगणवाडी. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, म्हणून काहीजणी गोळीच टाकून देतात. गोळी सोडू नका; भाकरीबरोबर पालेभाजी, पाणी भरपूर आणि शौचाला बसल्यावर कुंथायचं नाही.

रात्री ८.४५
किटलीवालीचा फोन. "मॅडम, आत्याबाई इचारत्यात, त्यांस्नीबी जमंल का? थोरल्याच्या बाळंतपणापास्नं त्यांचं असंच हाय." जमंल की. वय आड येत नाही. जळजळ होते का, एवढं विचारून घेतलं, नाही म्हणाली. गुरुवारी दोघींनी मिळून या, म्हटलं.