फुले, फजिती आणि तीन ओळी

बागकाम करणाऱ्यांच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात. एक, जे उगवले ते. आणि दुसरा, जे उगवलेच नाही ते. पहिल्याची छायाचित्रे निघतात. दुसऱ्याविषयी बहुतेक जण मौन पाळतात. मात्र मैत्री जुनी असेल, तर त्यावर विनोद होतो. वर्षभर जपलेल्या गुलाबावर ऐन कळ्यांच्या वेळी मावा पडावा आणि कोणी न लावलेला टोमॅटो मोरीच्या कडेला लगडून जावा, हा अनुभव घेतला नाही असा बागकर्मी विरळा. निसर्गाने केलेली ही थट्टा सांगायला लांब कविता चालत नाही. तिला चार-दोन ओळीच पुरतात.

लहानशा, हसऱ्या कवितेचे आणि बागेचे हे सख्य जपानमध्ये फार जुने आहे. आज आपण ज्याला हायकू म्हणतो, ते ‘हाइकाइ’ या काव्यप्रकारातून जन्मले आणि या शब्दाच्या मुळाशी थट्टा-विनोदाचाच अर्थ आहे. पाच, सात, पाच अशा सतरा ध्वनिमात्रांची ही रचना. तिचे सर्वश्रेष्ठ कवी मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) यांचे नावही बागेतलेच. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथील फुकागावा भागातील त्यांच्या झोपडीपाशी एका शिष्याने केळीचे रोप आणून लावले. केळीला जपानीत ‘बाशो’ म्हणतात. झोपडी त्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि पुढे कवीनेही तेच नाव धारण केले. गंमत अशी की, तेथील ही केळ खाण्याजोगे फळ देत नाही, तिचे खोड लाकूड म्हणून उपयोगी पडत नाही आणि पाने तर वाऱ्याने फाटून जातात. बाशोंना तिचे हे निरुपयोगीपणच आवडे. नव्या रोपाशेजारी फुटणाऱ्या गवताच्या कोंबांवर त्यांनी लटका रागही धरला. निंदणी करणाऱ्या प्रत्येकाला तो राग ओळखीचा वाटेल.

याच घराण्यातील ‘सेनर्‍यू’ हा प्रकार उघडच विनोदी. ऋतूचा उल्लेख हवाच, हे हायकूचे बंधन त्याला नाही. माणसाच्या स्वभावातील विसंगती हाच त्याचा विषय. हे नाव कारइ सेनर्‍यू या अठराव्या शतकातील परीक्षकाच्या टोपणनावावरून पडले. त्यांनी लोकांकडून आलेल्या असंख्य ओळींतून निवड केली आणि १७६५पासून तिचे संग्रह निघू लागले. ‘सेनर्‍यू’चा शब्दार्थ नदीकाठचा वाळुंज. विनोदाचे नाव पुन्हा झाडावरूनच आले!

कविता आणि बाग प्रत्यक्ष एकत्र पाहायची, तर टोकियोतील मुकोजिमा ह्याक्काएन या उद्यानात जावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साहारा किकू या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने लेखक-चित्रकार मित्रांच्या साहाय्याने ते उभारले. आरंभ आलुबुखाराच्या जातीतील फुलझाडांनी झाला. पुढे ऋतुपरत्वे फुलणाऱ्या अनेक वनस्पती आल्या. सरदारांच्या भव्य, आखीव उद्यानांसारखे हे नव्हते. ही रसिक मित्रांची बाग होती. तेथे झाडाझुडपांमध्ये कविता कोरलेल्या शिळा आजही उभ्या आहेत.

कविता वाटून घेण्याची जपानी रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिला ‘कुकाई’ म्हणतात. प्रत्येकाने आपली रचना चिठ्ठीवर नाव न घालता द्यायची. सर्व चिठ्ठ्या मिसळून नव्याने उतरवून काढायच्या, म्हणजे हस्ताक्षरही ओळखू येत नाही. मग प्रत्येकाने आवडलेल्या रचना निवडायच्या, त्या मोठ्याने वाचायच्या आणि अखेरीस कवीचे नाव उघड करायचे. नवशिका आणि जाणकार तेथे एका पंगतीत बसतात.

आधुनिक हायकूचे प्रवर्तक मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांच्या घरी अशा बैठका भरत. पाठीच्या कण्याच्या क्षयाने ते अंथरुणाला खिळले होते. काचेच्या दारातून दिसणारी लहानशी बाग हेच त्यांचे विश्व झाले होते. तेथे मांडवावर घोसाळ्याचा वेल चढवला होता. त्याच्या वेलातून निघणारे पाणी कफावर गुणकारी मानले जाई. जपानीत ‘हेचिमा’, म्हणजे घोसाळे, हा शब्द टाकाऊ वस्तूसाठीही वापरतात. १८ सप्टेंबर १९०२ रोजी शिकींनी शेवटच्या तीन रचना लिहिल्या, त्या या घोसाळ्यावर! कफाने कोंडलेल्या स्वतःच्या देहाकडे त्यांनी परक्याकडे पाहावे तसे, किंचित हसून पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आत, वयाच्या ३४व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांचा स्मृतिदिन आजही घोसाळ्याच्या नावाने पाळला जातो. विनोद म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. दुःख इतरांना सांगता येईल एवढे लहान करणे होय, हे त्या तीन रचना शिकवतात.

मराठीला हे नाते परके नाही. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या विडंबनांच्या संग्रहाला ‘झेंडूची फुले’ असे नाव दिले, आणि त्यांच्याच कन्या शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. वडिलांच्या विनोदाला फुलाचे नाव मिळाले. कन्येने दूरदेशीचे काव्यरोप आपल्या मातीत लावले. चारोळी आणि वात्रटिका तर घरोघरी पोहोचल्या आहेत.

गच्चीवरच्या बागा फुलवणाऱ्यांच्या मेळाव्यांत बी-बियाणे, कलमे आणि खताच्या कृती यांची देवाणघेवाण होतच असते. त्या जोडीला महिन्यातून एकदा कुकाईच्या धर्तीवर बैठक भरवता येईल. विषय एकच: या महिन्यातली फजिती. आजीबाईंची न फुललेली जाई आणि नातवाने रोज उकरून पाहिलेले मेथीचे बी, दोन्ही एकाच टोपलीत चिठ्ठ्या होऊन पडतील. ज्याची बाग सर्वांत उजाड, त्याच्या चिठ्ठीला कदाचित सर्वांत अधिक पसंती मिळेल आणि पुढच्या वेळी तो संकोचाने घरी न राहता पहिल्या रांगेत येऊन बसेल.

एक पथ्य मात्र पाळावे. दुसऱ्याची आवडती कविता वाचून दाखवताना तिच्या कवीचे नाव गाळू नये. कलम देताना आपण जातीचे नाव आणि ते कोणाकडून आले हे आवर्जून सांगतो. कवितेलाही तेवढा मान द्यावा.