जायबंदी ब्रॉयलरचं करायचं काय? गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रॉयलरच्या शेडमध्ये सकाळच्या फेरीला एखादा पक्षी कोपऱ्यात बसलेला दिसतोच. हाकलला तर पंखांच्या आधाराने दोन पावलं सरकतो आणि पुन्हा बसतो. ‘बघू उद्या’ म्हणून पुढे गेलं की बहुतेक वेळा तो मरतुकीच्या आकड्यात जमा होतो. त्याचं काय करायचं हे त्याच दिवशी ठरवायला हवं, आणि तिथेच काही पक्के गैरसमज आड येतात.

गैरसमज: ओरडत नाही, म्हणजे दुखत नाही.
वस्तुस्थिती: दुखणं लपवणं हा कोंबडीचा स्वभावच आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रॉयलरपुढे साधं आणि वेदनाशामक मिसळलेलं, असं दोन प्रकारचं खाद्य ठेवलं होतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट पक्ष्यांपेक्षा जास्त खाल्लं. लंगडेपणा वाढला तसं ते प्रमाणही वाढलं. म्हणून आवाजावर जाऊ नका. अर्धवट मिटलेले डोळे, फुललेली पिसं, लोंबता पंख, गळ्याशी रिकामी लागणारी अन्नाची पिशवी, हे पाहा.

गैरसमज: पाय ओढतोय, म्हणजे कुठेतरी अडकून दुखावला.
वस्तुस्थिती: पिल्लू सहा आठवड्यांत साधारण 40 ग्रॅमवरून दोन किलोच्या पुढे जातं. ही वाढ हार्मोनच्या इंजेक्शनची नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवड पैदाशीची आहे. पण हाडं आणि सांधे त्या वजनाला पुरे पडत नाहीत. खनिजांची कमतरता आणि हाडातला जंतुसंसर्ग हीसुद्धा कारणं असतात. एकाच वेळी बरेच पक्षी लुळे पडले, माना पिळवटल्या, हिरवट हगवण लागली, तर मानमोडीची (राणीखेत) शंका घ्या. अचानक मोठी मर लागली तर बर्ड फ्लूचीही. देशातला त्याचा पहिला उद्रेक 2006 साली आपल्याच नवापुरात झाला होता. अशा वेळी एकही पक्षी कापू नका, विकू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

गैरसमज: बाकीच्यांत राहू दिला तर आपोआप सावरतो.
वस्तुस्थिती: रक्त दिसलं की बाकीचे पक्षी तिथेच टोचत राहतात. उठता न येणाऱ्या पक्ष्याची चोच निपलपर्यंत पोचत नाही, आणि तो जखमेआधी तहानेने मरतो. त्याला कोरड्या तुसावर वेगळा ठेवा, खाद्य-पाणी चोचीशी द्या. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून थांबवा, जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. नळीचं हाड साधं मोडलं असेल तर पशुवैद्य कामटी बांधू शकतात. पण जुळायला तीनेक आठवडे लागतात आणि विक्री 35 ते 42 दिवसांत होते. मांडीचं हाड मोडलं, हाड बाहेर आलं किंवा दोन्ही पाय गेले, तर उपचारांत वेळ घालवू नका.

गैरसमज: मार हिरवा पडला, म्हणजे मांस सडलं.
वस्तुस्थिती: पिसं बाजूला करून कातडी पाहा. मुका मार आधी लाल असतो, काही तासांत काळपट जांभळा होतो आणि साधारण दिवसभरानंतर हिरवट दिसू लागतो. साकळलेल्या रक्ताचं विघटन होताना कोंबडीत हिरवं रंगद्रव्य तयार होतं, त्याचा हा रंग. सडलेला भाग वेगळा ओळखू येतो: काळा, थंड, ओलसर आणि दुर्गंधी येणारा.

गैरसमज: मरायला टेकलेली कोंबडीही कापली की खायला चालते.
वस्तुस्थिती: ताजी दुखापत, तरतरीत डोळे, दाणा-पाणी चालू असेल, तरच तो पक्षी लगेच कापून खाता येतो, माराचा भाग काढून टाकायचा. मलूल, आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी खाऊ नये. औषध दिलं असेल तर ते थांबवल्यावर मांसासाठी किती दिवस थांबायचं हे पशुवैद्याला विचारा. करारावरच्या शेडमध्ये पक्षी कंपनीचा असतो, त्यामुळे आधी सुपरवायझरला सांगा.

गैरसमज: आपल्या हाताने मारण्यापेक्षा आपोआप मरू दिलेला बरा.
वस्तुस्थिती: ही दया नव्हे. प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाचा गुन्हा आहे. सरावलेल्या हाताने एका झटक्यात मान निखळवली तर यातना लगेच थांबतात. हे पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. पक्षी मेल्याची खात्री झाल्यावरच विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. जिवंत पक्षी मेलेल्यांच्या ढिगावर कधीही टाकू नका.

निर्णयासाठी तीन प्रश्न पुरतात. तो स्वतः पाण्यापर्यंत जातो का? विक्रीच्या आत बरा होईल का? मांस खायला निर्धोक आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर वेगळा ठेवून जपा. ती उत्तरं ‘नाही’, पण तिसऱ्याचं ‘हो’ असेल तर आजच कापा. तिन्ही ‘नाही’ असतील तर आजच सोडवा. पक्षी मांसासाठी वाढवलाय, म्हणून त्याला तहानेने तडफडत ठेवायचा हक्क कुणालाच मिळत नाही.