लेखांक ४ : कल नंतर, कागद आधी

शाळेकडून बसायला जागा आणि आठवड्यातला एक ठरावीक तास कसा पदरात पाडून घ्यायचा, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. समजा, दोन्ही मिळालं. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात टेबल पडलं आणि दहावीचा एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. आता त्याला काय विचारायचं?

नवा समुपदेशक हमखास विचारतो, ‘तुला पुढं काय व्हायचंय?’ गडहिंग्लज तालुक्यातल्या आपल्या नेसरीत याची उत्तरं पाठच असतात. आर्मी, पोलीस भरती, नर्सिंग, इंजिनिअर. पोरानं जे पाहिलंय तेच तो सांगतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. गल्लीत कुणीतरी फौजेत असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथून जवळ, बेळगावात. २०२२ पासून ही भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढं कायम केलं जातं, हे मात्र भरती अकॅडमीच्या फ्लेक्सवर छापलेलं नसतं. ते सांगणं तुमच्याकडे लागलं.

या कामाचा रीतसर पाया फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला घातला. आधी स्वतःला ओळखा, मग निरनिराळी कामं समजून घ्या, मग दोहोंचा मेळ घाला, अशी त्यांची मांडणी. तिचं पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं. आपल्या राज्य मंडळानं २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी सुरू केलेली कल चाचणीही याच घराण्यातली. शेतीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रं होती तिच्यात. पुढं ती बंद पडली. मला त्याचं फारसं दुःख नाही. ज्या मुलानं ललित कला म्हणजे गणपतीची आरास एवढंच पाहिलंय, त्याचा त्या क्षेत्राकडचा कल कुठल्या प्रश्नावलीत उतरणार? आणि अहवाल वाचून सांगणारं माणूस शाळेत नसेल, तर तो कागद गुणपत्रिकेच्या फायलीत जाऊन पडतो.

चाचण्या शिकायच्या असतील तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याचा काही भाग घरी राहून करता येतो, त्यामुळे नोकरीतल्या शिक्षकाला जमण्यासारखा आहे. जात पडताळणीचा अर्ज मात्र आपला आपणच शिकावा लागतो. माझ्या मते गावातल्या समुपदेशकानं सुरुवात तिथूनच करावी.

कारण साधं आहे. मुलाला सीईटीत चांगले पर्सेंटाइल पडले, राखीव जागेवर नंबर लागण्यासारखा आहे, आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात नाही, असं झालं की वर्षभराच्या अभ्यासावर पाणी पडतं. हे प्रमाणपत्र तहसीलमधून मिळत नाही, जात पडताळणी समितीकडून येतं. तिथं पुरावा जुना लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० च्या आधीचा. म्हणजे आजोबांच्या, नाहीतर पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंद. ती मोडीत निघाली तर वाचणारा शोधा. आपल्या भागातले कितीतरी आजोबा मुंबईला गिरणीत होते, काहींची शाळाही परळ-लालबागची. तिथला दाखला काढायला चार फेऱ्या पडतात. हे काम बारावीच्या निकालानंतर उरकण्यातलं नाही. अकरावीच्या दिवाळीत आजोबांचं नाव, गाव आणि शाळा एवढं जरी लिहून घेतलं, तरी अर्धं काम झालं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेही त्याच पानावर टिपून ठेवा.

दुसरी गोष्ट नेसरीपुरती जास्त महत्त्वाची. कर्नाटकची हद्द जवळ. बेळगावची कॉलेजं चांगली, एसटी सोयीची, म्हणून काहीजण मुलाला अकरावी-बारावीला तिकडे घालतात. मुलगा डॉक्टर व्हायची स्वप्नं बघत असेल तर त्याआधी पालकांना समोर बसवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या. महाराष्ट्राच्या कोट्यात बसायला, काही अपवाद सोडले तर, बारावी महाराष्ट्रातून व्हावी लागते. घर गडहिंग्लज तालुक्यात, सातबारा गडहिंग्लज तालुक्यात, आणि पोरगं नीटच्या यादीत परराज्यातलं! याच्या उलट बाजूही आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद आहे. तुमच्या शाळेतल्या कुणाचे मामा-मावशी त्या गावांत असतील, तर ही बातमी तिकडे पोचवा. तिथं ती सांगणारं कुणी नसेल.

कला-वाणिज्यवाल्यांना वाटतं, सीईटी ही सायन्सची भानगड. २०२४ पासून एआयसीटीईच्या मान्यतेतल्या बीबीए, बीसीएलाही सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी इतक्यांना ती कळली नाही की राज्याला ती परीक्षा जादाची घ्यावी लागली. गावातल्या कोलेकर महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम. करणं हा चांगला पर्याय आहेच. पण तो निवडून घ्यावा, तारीख हुकली म्हणून नव्हे.

आता पालक. एक संवाद तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकू येईल.

‘सर, पोरीला सायन्सला घालू नको म्हणतोय आमी.’

‘का हो? मार्क तर चांगले आहेत.’

‘मार्कांचं न्हाई. बारावीनंतर भायेर ठेवाय लागंल. तितला खर्च कोण बघणार?’

इथं ‘मुलगी शिकली प्रगती झाली’ सुरू करू नका. त्यांचा प्रश्न हिशेबाचा आहे, उत्तरही हिशेबात द्या. २०२४-२५ पासून इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून आणि अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. राहण्याजेवणाचा खर्च यात येत नाही, हेही त्याच दमात सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्यावरचा विश्वास उडतो.

तो खर्च हीच खरी अडचण, आणि ती नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते खेड्यातल्या पोरांना शहरात पाठ टेकायला जागा नव्हती म्हणूनच. पाठोपाठ इतर समाजांचीही बोर्डिंगं उभी राहिली. आज समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, अनुसूचित जातींच्या मुलांना स्वाधार योजना आहे, शेतकरी-मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकाची अट निराळी, अर्जाची खिडकी निराळी. हे सगळं पाठ नसलं तरी चालेल, एका वहीत मांडलेलं असावं.

त्याच वहीत मागच्या पाच वर्षांतली आपल्या शाळेची मुलं-मुली कुठं गेली, कुठं राहतात, तेही लिहून काढा. परवानगी घेऊन फोन नंबरही. मघाच्या वडिलांसमोर कोल्हापुरात शिकणाऱ्या गावच्याच एखाद्या मुलीला फोन लावा आणि मग गप्प बसा. मेसचे किती, खोलीत किती जणी, संध्याकाळी किती वाजता गेट लावतात, हे त्यांचं त्यांना विचारू द्या.

(पुढील आठवड्यात : दहावीनंतर तंत्रनिकेतन की आयटीआय?)