कोयता, केवण आणि चुंबळ : उल्हास खोऱ्यातील सरपणाची साधने

लाकूडतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचलेली असते. तळ्यात पडलेली कुऱ्हाड, सोन्याची आणि चांदीची नाकारून त्याने मागितलेली लोखंडाची. पण तोडलेले लाकूड त्याने घरी कसे नेले, हे ती गोष्ट सांगत नाही. सरपणाच्या इतिहासात हीच बाजू नेहमी अंधारात राहिली आहे. तोडण्याचे हत्यार सर्वांना माहीत असते, वाहण्याचे मात्र कोणी साधन म्हणून मोजतच नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या पट्ट्यात ही बाजू अजूनही पाहता येते. एका बाजूला मलंगगडाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला बारवी धरणाकडचे जंगल आणि मध्ये लोकलचे रूळ, असा हा मुलूख आहे.

या जंगलालगतच्या ठाकूर आणि कातकरी पाड्यांवरचे मुख्य हत्यार कुऱ्हाड नव्हे, कोयता. तो हातात धरून हिंडत नाहीत. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूस लाकडाची आकडी बांधलेली असते आणि कोयता तिच्यात अडकवतात. त्यामुळे चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. कोयत्याच्या पात्याचे टोक आत वळलेले असते. त्या वळणाने फांदी आधी ओढून घेता येते आणि मग छाटता येते, म्हणजे आकडा आणि सुरी ही दोन कामे एकच पाते करते. उंचावरची वाळकी फांदी हाताला येत नसेल, तर लांब बांबूला आकडा बांधून ती खाली ओढतात.

दुसरे साधन दोर. तो बाजारातूनच आणावा लागतो असे नाही. मुरुडशेंगेच्या, म्हणजे केवणीच्या सालीचा वाख चिवट असतो. साल सोलून पिळली की मोळी बांधण्याजोगा दोर जागेवरच तयार होतो. मोळी दोन ठिकाणी आवळतात. एकाच ठिकाणी बांधली तर चालताना काटक्या पंख्यासारख्या पसरतात आणि तोल जातो.

तिसरे साधन चुंबळ. जुने लुगडे किंवा फडके पिळून केलेले हे कडे साधे दिसते, पण त्याचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. ओंडक्याचा भार टाळूच्या एकाच बिंदूवर न पडता कड्याच्या घेरावर वाटला जातो, आणि वाकडीतिकडी लाकडे असलेल्या मोळीला बैठक मिळते. भार कण्याच्या रेषेत राहिला की हात सुटे ठेवूनही चालता येते.

परदेशांत याच कामासाठी वेगळा मार्ग निघाला. अमेरिकेतील मेन राज्यात जोसेफ पीव्ही या लोहाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओंडके वळवण्यासाठी आकडा आणि अणकुचीदार टोक असलेला दांडा तयार केला. तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. कोरियात पाठीवर भारा वाहण्यासाठी ‘चीगे’ नावाची लाकडी चौकट वापरत. तामिळनाडूत वाटसरूने डोक्यावरचे ओझे कोणाच्याही मदतीशिवाय उतरवावे आणि पुन्हा घ्यावे, म्हणून खांद्याच्या उंचीचे दगडी ‘सुमैतांगी’ उभारलेले आढळतात. आपल्याकडे ते काम शेताचा बांध करतो, देवळाचा पार करतो किंवा सोबतची बाई करते. मोळी डोक्यावर चढवायला दुसरा हात लागतोच, म्हणून बायका सरपणाला एकट्या जात नाहीत.

मग चुंबळ आणि सवय यांच्या बळावर हे ओझे खरोखर हलके होते का? १९८६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातील ओझे वाहणाऱ्या स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या जादा ऊर्जा खर्च न करता वाहू शकत होत्या, असे त्यात आढळले. या निष्कर्षाचे कौतुक फार झाले, त्यातल्या मर्यादेकडे तितके लक्ष गेले नाही. ४५ किलो वजनाच्या बाईला २० टक्के म्हणजे ९ किलो. जंगलातून येणारी मोळी याच्या दुप्पट-तिप्पट सहज भरते. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचे वजन टाकीसह साधारण ३० किलो असते. तो दोन जिने चढवावा लागला तर आपण कुरकुरतो. मोठी मोळी जवळजवळ तेवढीच असते, आणि ती डोंगर उतरून येते.

वखारीतले जग निराळे. तिथे कुऱ्हाड, करवत, पहार, घण आणि लोखंडी पाचर. पहारीने ओंडका वळवायचा, भेगेत पाचर बसवायची आणि घणाने ठोकायची. पंचतंत्रातल्या त्या माकडाने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटली आणि जीव गमावला. लाकडात केवढा ताण कोंडलेला असतो, हे त्या गोष्टीच्या कर्त्याला पक्के ठाऊक होते. पाचर मारणे हा वाक्प्रचार मराठीत आला तोही याच कामातून.

शहर वाढले तशी साधने बदलली. अंबरनाथला १९२०च्या दशकात ‘विमको’चा काड्यापेट्यांचा कारखाना आला. चूल पेटवणारी काडी इथेच तयार होऊ लागली, चुलीतले लाकूड मात्र डोक्यावरूनच येत राहिले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. आज तिथला फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे. अशा बाजारातून निघणाऱ्या फळकुटांचेही सरपण होते. त्यासाठी कोयता नको, खिळे उपटायची पकड हवी. पण प्लायवुडच्या डिंकातली रसायने चुलीत जळतात, आणि धावड्याच्या किंवा ऐनाच्या लाकडापेक्षा हा धूर अधिक घातक असतो.

या सगळ्या साधनांचा कायद्याशी असलेला संबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला होता. भाताच्या राबासाठी फांद्या छाटण्याचा प्रश्न त्यात प्रमुख होता, म्हणजे वाद अखेर कोयत्याचाच होता. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, वनगुन्ह्याचा संशय असेल तर वनोपजाबरोबर हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरेही जप्त करता येतात. मोळी गेली तर एका दिवसाची मजुरी जाते. कोयता गेला तर उद्याचा दिवसही जातो.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूड आणि खुंट यांचाही समावेश केला. १ जानेवारी २००८ च्या नियमांनी ते डोक्यावरून, सायकलवरून आणि हातगाडीवरून नेण्याला मान्यता दिली. २०१२च्या दुरुस्तीने ही मर्यादा सैल करून योग्य अशा साधनांनी वाहतूक करू दिली. ज्या डोक्यावरच्या भाऱ्याकडे तोवर संशयाने पाहिले जाई, तो वाहतुकीचे साधन म्हणून कायद्याच्या भाषेत आला. अर्थात हक्काचा दावा मंजूर झाला असेल तरच या शब्दांचा उपयोग. ज्यांचा दावा मंजूर नाही, त्यांच्या आकडीतला कोयता अजून कलम ५२ च्याच छायेत आहे.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि पाड्यांवरही सिलिंडर पोहोचला. तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अनेक घरांत चुलीवरच होते, कारण सिलिंडर पुन्हा भरायला रोख पैसे लागतात आणि सरपणाला फक्त श्रम. हे श्रम हिशेबात धरायचे, तर चुंबळीची नोंद पहारीच्या आणि घणाच्या शेजारी करावी लागेल. वस्तुसंग्रहालयात कुऱ्हाड ठेवतात. चुंबळ कोणी ठेवत नाही, कारण काम संपले की ती उलगडून पुन्हा फडके होते. म्हणूनच तिची नोंद लिहूनच ठेवायला हवी.